हंचाटे बाई आणि मार्ताचे पाय

हंचाटे बाईंना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून आमची इतकी ओळख झाली. नाहीतर आयर्लंडातल्या या पोर्टलीश गावातल्या इतर मराठी माणसांसारखे आम्हीही गणपतीत एकदा आणि दिवाळीत एकदा भेटलो असतो, "काय म्हणता, थंडी मरणाची आहे" एवढं बोललो असतो आणि उरलेल्या भाताचे डबे घेऊन आपापल्या घरी गेलो असतो. बाई इथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्या. पहिल्यांदा त्यांनी परीक्षकालाच पट्टा नीट लावायला सांगितलं आणि त्यानं तो लावेपर्यंत गाडी सुरू केली नाही. दुसऱ्यांदा एका राउंडअबाउटवर येणाऱ्या प्रत्येक गाडीला हातानं "या, या" करत थांबून राहिल्या. तिसऱ्यांदा काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती नव्हती. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी साडेनऊला माझा फोन वाजायचा. "मोहिते, गाडी काढा." काढाल का, वेळ आहे का, असलं काही नाही. बावीस वर्षं वर्गावर शिकवलेली बाई होती ती. मी गाडी काढायचो.

उंची जेमतेम पाच फूट, केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर मुलीचं जुनं जर्किन आणि खांद्याला एक कापडी पिशवी. त्या पिशवीत स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, मोजपट्टी, खडू, चष्म्याची दोन घरं आणि शेंगाचटणीची बाटली असायची. बाई मूळच्या सोलापूरच्या. पुण्यात आयुष्य गेलं तरी रागावल्या की त्यांचं सोलापूर वर यायचं. "असं कसं ओ?" म्हणाल्या की समजावं, आता समोरच्याची धडगत नाही.

त्या स्पॅनिश शिकवायच्या, हे आम्हाला चार वर्षं माहीतच नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमागून त्या इथे आल्या, आणि मागून आलेल्या बाईला तुम्ही तिकडे काय करत होता हे आमच्या मंडळात कोणी विचारत नाही. मोदक छान करतात, एवढीच त्यांची कीर्ती. एके दिवशी आमच्यातल्याच एका डॉक्टरनं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, की इथे मधुमेहाचा एक वर्ग सुरू होतोय, कोणाला स्पॅनिश येतं का? लगेच नेहमीचे यशस्वी कलाकार पुढे सरसावले. कोणी हसरे चेहरे टाकले, कोणी फोनवरून भाषांतर करायचा सल्ला दिला, कोणी नाचणाऱ्या बैलाचं चित्र पाठवलं. अर्ध्या तासानं बाईंचा दोन शब्दांचा निरोप आला. "मला येतं."

वर्ग भरायचा चर्चच्या हॉलमध्ये. सहा शनिवारांचा एक फेरा, मग पुढचा. आसपासच्या मांसाच्या कारखान्यात, मशरूमच्या शेडमध्ये, वृद्धाश्रमात काम करणारी पंधरा-वीस माणसं यायची. कोणी व्हेनेझुएलाचं, कोणी बोलिव्हियाचं, कोणी एल साल्वादोरचं. सगळ्यांना शुगर, आणि सगळ्यांना इंग्रजी कामापुरतं. शिकवणारी नर्स शिवॉन ही भली बाई होती. नियमाप्रमाणे तिनं सांगायचं आणि हंचाटे बाईंनी तेवढंच स्पॅनिशमध्ये पोचवायचं. दुभाष्यानं पदरचं काही घालू नये, असा कागदच त्यांच्याकडून सही करून घेतला होता. पण शिवॉन एक वाक्य बोलायची आणि बाईंचं स्पॅनिश पाच मिनिटं चालायचं. मध्ये हातवारे, फळ्यावर चित्र, एखाद्या काकांना उभं करून प्रश्न. एकदा शिवॉननं न राहवून विचारलं, "मी एवढं सगळं म्हटलं?" बाई शांतपणे म्हणाल्या, "तुला म्हणायचं होतं." तिसऱ्या शनिवारपासून शिवॉन कोपऱ्यात बसून रक्तदाब घेऊ लागली आणि वर्ग बाईंचा झाला.

मीही मागच्या खुर्चीवर बसायचो. माझी शुगर तेव्हा काठावर होती. "गाडीत बसून काय करणार? आत या," असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. स्पॅनिश मला ओ की ठो कळत नव्हतं, पण परतीच्या वाटेवर बाई सगळा वर्ग पुन्हा मराठीत घ्यायच्या. कोण काय बोललं, कोण खोटं बोललं, कोणाचा नवरा लपून कोक पितो, सगळं. आज मी हे लिहितोय ते त्या वीस-वीस मिनिटांच्या जोरावर.

पुस्तिकेत सगळी मापं इथली होती. मुठीएवढा बटाटा, ब्राऊन ब्रेडचे दोन काप, लापशीची वाटी. बाईंनी ती पुस्तिका उलटीसुलटी पाहिली आणि वर्गाला सांगितलं, की पुढच्या शनिवारी प्रत्येकानं आपलं रोजचं जेवायचं ताट घेऊन यायचं. लोक खरंच ताटं घेऊन आले. चिनी मातीची, प्लास्टिकची, फुलाफुलांची. एका बोलिव्हियन काकांचं ताट एवढं मोठं होतं की बाई म्हणाल्या, यात माझ्या घरी हळदीकुंकवाचं सगळं सामान मावेल. मग काटा काढून त्यांनी मक्याच्या भाकऱ्या तोलल्या, भात तोलला, आणि ज्याच्या-त्याच्या ताटावर खडूनं रेघ मारून दिली. भात इथपर्यंत, पुढे नाही.

त्या दिवशी मार्ता आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण घेऊन आली होती.

मार्ता एल साल्वादोरची, पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, सतत हसणारी. आश्रय मागायला आलेल्या लोकांना गावाबाहेरच्या एका जुन्या हॉटेलात ठेवलं होतं, त्यातल्या एका खोलीत ती दोन अनोळखी बायकांबरोबर राहायची. तिथे स्वयंपाक करायला परवानगी नव्हती. दोन्ही वेळा कॅन्टीनमधून मिळेल ते खायचं, पांढरा भात, चिप्स, पाव. ताट तिथलंच, बाहेर न्यायचं नाही, म्हणून तिनं झाकण आणलं. बाईंनी झाकणावर रेघ मारली. मग गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "मोहिते, मी तिला काय खायचं ते शिकवतेय. तिला निवडायला आहे काय?" त्यांनी त्या हॉटेलच्या व्यवस्थापकाला तीन पत्रं लिहिली. तीन पत्रांनंतर कॅन्टीनमध्ये सफरचंदांची एक टोपली आली. बाईंनी तो विजय मानला, आणि मला पेढा दिला, अर्धा.

जेवण हातात नाही म्हटल्यावर बाईंनी मार्ताचे पाय धरले. बारा वर्षांच्या शुगरनं मार्ताचा डावा पाय पार बधिर झाला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. वृद्धाश्रमात लाद्या पुसत ती दिवसभर उभी असायची. एकदा तिच्या बुटात कुठल्याशा लहान मुलाच्या खेळण्यातली प्लास्टिकची वीट निघाली. दोन दिवस ती तिच्यावर चालत होती आणि तिला पत्ता नव्हता. तेव्हापासून वर्ग सुरू व्हायच्या आधी मार्तानं बूट-मोजे काढायचे आणि बाईंनी खाली बसून बोटांच्या बेचक्या तपासायच्या, हे ठरूनच गेलं. वर्गात पायांवर एक अख्खा शनिवार होता. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना हातआरसे वाटले, रोज रात्री तळवे बघायला, आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की अनवाणी कधीही, कुठेही, एक पाऊलसुद्धा चालायचं नाही. बाथरूमपर्यंतसुद्धा नाही. "पाय फार सोशीक असतात, मोहिते," त्या म्हणायच्या, "कोणी मारलं तरी सांगायला येत नाहीत. आपणच जाऊन विचारायचं." मार्ताचे पाय शाबूत राहिले तर आपला वर्ग पास, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. बाकी सगळ्यांचं थोडं इकडेतिकडे चालेल, मार्ताचे पाय जाता कामा नयेत.

आणि मग नवरात्र आलं.

सोलापूरकडे नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्या बायका पुष्कळ. बाईंचं व्रत बाराव्या वर्षापासूनचं. आई आजारातून उठली तेव्हा घेतलं, ते पुण्यात चाललं, आणि इथे आल्यावरही चाललं. इथला ऑक्टोबर म्हणजे सकाळी फूटपाथवर पाय ठेवला की कळ थेट कानात जाते. बाई तशाच दुकानात जायच्या, दूध आणायच्या, बसची वाट बघत उभ्या राहायच्या. पहिल्या वर्षी शेजारच्या शॉन आजोबांना वाटलं, ही बाई अडचणीत आहे. त्यांनी दारात लोकरीच्या मोज्यांचा जोड ठेवला. बाईंनी मोजे घेतले, बेसनाचे लाडू दिले आणि दसऱ्यानंतर मोजे घातले. मी एकदा विचारलं, मोजे चालत नाहीत का? म्हणाल्या, "देवीला फसवायचं असेल तर चालतात."

त्या वर्षी नवरात्रात वर्गाचा शनिवार आला. मी गाडी काढली, बाई अनवाणी येऊन बसल्या. मी म्हटलं, "बाई, वर्गात तरी चप्पल घाला."

"नऊ दिवसांचं आहे ओ, त्यातून शनिवार कसा वजा करू?"

"तसं नाही, गार पडलंय म्हणून म्हटलं."

खरंच, मी गारठ्यामुळेच म्हटलं होतं. दोनच आठवड्यांपूर्वी ज्या फळ्यावर अनवाणी चालू नका असं लिहिलं होतं त्याच फळ्यासमोर बाई आज अनवाणी उभ्या राहणार आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांच्याही आलं नाही. इतक्या शहाण्या बाईच्या डोक्यात कसं आलं नाही, असं आता कोणीही म्हणेल. पण आपलं व्रत आपल्याला दिसत नाही. आपण श्वास घेतो हे कुठे दिसतं?

वर्गात पहिल्यांदा मार्तानंच विचारलं, सेन्योरा, तुमचे बूट कुठे? मग बाई बोलल्या. आई, सोलापूर, तुळजापूरची वाट, घट, नऊ माळा, सगळं सांगितलं. मला शब्द कळत नव्हते, पण चेहरे दिसत होते. मांसाच्या कारखान्यातले आडदांड पुरुष मान खाली घालून ऐकत होते. दोन बायका रडत होत्या. शेवटी मार्ता उठली आणि तिनं बाईंचा हात हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं. परत येताना बाईंचा चेहरा असा काही फुलला होता की बोलायची सोय नाही. "मोहिते, आजच्यासारखा वर्ग मी आयुष्यात घेतला नाही," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांत नाही. त्यांच्याकडेही नवस असतात, माहितेय? मेरीला बोलतात. गुडघ्यांवर चालत जातात. आपलीच माणसं आहेत ओ ही." मीही खूश झालो. परदेशात आपलं काही कोणाला इतकं कळलं की माणूस हुरळून जातो. बाईंना शुगर नव्हती, त्यांचे पाय ठणठणीत होते, खडा टोचला तर त्या "आई गं" म्हणणार होत्या. हे एक वाक्य त्या दिवशी वर्गात सांगायचं राहिलं. त्यांना वाटलं, ते पायांच्या शनिवारी सांगून झालंय.

मार्ताचा एक मुलगा होता, विल्मर. घर सोडून उत्तरेकडे, अमेरिकेच्या वाटेनं निघाला तो चौदा महिने बेपत्ता. त्याच्याबद्दल मार्ता वर्गात कधी बोलायची नाही, फक्त बाईंना ठाऊक होतं. मे महिन्यात त्याचा फोन आला. जिवंत होता, कुठल्याशा सीमेजवळच्या गावात विटा उचलत होता. मार्तानं ती बातमी बाईंना रडत-हसत सांगितली आणि बाईंनी घरी शिरा केला, आम्हा सर्वांना वाटला, मार्ताला चमचाभर. मुलगा सापडावा म्हणून तिनं केलेल्या नवसाबद्दल मात्र मार्ता काही बोलली नाही. ते तिला नवस फेडून झाल्यावर सांगायचं होतं, बाईंना आनंदाचा धक्का द्यायचा होता.

जुलैच्या शेवटच्या रविवारी मी सहकुटुंब हंचाट्यांकडे जेवायला होतो. जेवण झाल्यावर बाईंचा फोन किणकिणला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला. पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातला संत पॅट्रिकचा डोंगर, जो या दिवशी हजारो लोक चढतात आणि काही जण जुन्या चालीप्रमाणे अनवाणी चढतात. माथ्यावरच्या धुक्यात मार्ता उभी होती. दोन्ही हात पसरलेले, चेहऱ्यावर एवढं मोठं हसू. पाय घोट्यापर्यंत चिखलात माखलेले, आणि डाव्या पायाच्या चिखलाचा रंग वेगळा. खाली तिनं लिहिलं होतं ते बाईंनी मला वाचून दाखवलं. तुमच्यासारखंच, सेन्योरा. माझ्या मेरीआईसाठी.

"मोहिते, गाडी काढा," बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की माझ्या बायकोनं विचारलं, काय झालं?

आम्ही संध्याकाळी सहाला त्या हॉटेलपाशी थांबलो, तेव्हा डोंगरावरून परतणारी चर्चची बस नुकतीच आली होती. मार्ता पायऱ्यांवर बसली होती, पाय धुऊन, चपला घालून. आम्हाला बघून उठलीच. बाईंनी तिला खाली बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. अंगठ्याखाली दोन इंचांची चीर होती आणि आत दगडाचा कपचा तसाच रुतलेला होता. मार्ता आनंदानं काहीतरी सांगत होती, थांबतच नव्हती. बाई ऐकत होत्या. मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाल्या, "ती म्हणतेय, सगळे जण कण्हत होते, तरणीताठी पोरं रडत होती, आणि मला एकटीला काहीही दुखलं नाही. म्हणतेय, मेरीनं माझं दुखणं उचलून घेतलं. चमत्कार झाला म्हणतेय."

त्या पायरीवर बसून बाईंनी तिला सांगितलं, की हा चमत्कार नाही, हाच तुझा आजार आहे. मला शब्द कळले नाहीत तरी काय सांगतायत ते कळत होतं. मार्ता ऐकून घेत होती, मान डोलावत होती आणि हसत होती. एखाद्या दमलेल्या माणसाची समजूत काढावी तशी तिनं बाईंच्या गालावरून हात फिरवला. आयुष्यात मी इतका हतबल कधी झालो नाही. वर्गात शिकवलेलं सगळं एका बाजूला, आणि त्या बाईला चौदा महिन्यांनी मिळालेला मुलगा दुसऱ्या बाजूला. आमच्या बाजूला काय वजन होतं?

आम्ही तिला तसंच दवाखान्यात नेलं. जखम धुतली, कपचा काढला, औषधं दिली, आणि पायावर भार अजिबात द्यायचा नाही असं निक्षून सांगितलं. बाई रोज फोन करायच्या. मार्ता रोज सांगायची, पडून आहे, बरं वाटतंय. चौथ्या दिवसापासून ती कामावर जात होती. गैरहजर राहिली तर दुसरीला घेतील अशी तिला भीती होती, आणि दुखत तर काहीच नव्हतं. हे बाईंना कळलं तेव्हा मार्ता तापानं फणफणून दवाखान्यात पोचली होती. आधी दोन बोटं काढली. मग पाऊल. ऑगस्ट संपता संपता गुडघ्याखालचा डावा पाय गेला.

बाईंना कोणीही दोष दिला नाही. शिवॉन म्हणाली, "तुमचा काय संबंध? लोक करायचं तेच करतात." हंचाटे साहेब म्हणाले, योगायोग. मी म्हणालो, बाई, तुम्ही सांगितलं होतं ना, फळ्यावर लिहिलं होतं ना. खुद्द मार्ता म्हणाली, एका पायात मुलगा मिळाला, स्वस्तात मिळाला. कोणी रागावलं असतं तर बाईंना ते सोसलं असतं. सगळ्यांच्या समजूतदारपणापुढे त्यांना बोलायला जागाच उरली नाही. गाडीतल्या त्यांच्या गप्पा बंद झाल्या. मी रेडिओ लावायचो, तो त्या बंदही करायच्या नाहीत.

पुढच्या वर्षी घटस्थापना शनिवारीच आली, त्या सकाळी मी फोनची वाट न बघता त्यांच्या दारात गेलो. बाई बाहेर आल्या त्या जाड तळव्याचे काळे बूट घालून. पंचेचाळीस वर्षांचं व्रत त्यांनी मोडलं होतं. मी बुटांकडे बघितलेलं त्यांनी बघितलं. "चला," एवढंच म्हणाल्या.

त्या शनिवारी वर्गात त्यांनी सरळ सांगून टाकलं. गेल्या वर्षी मी तुमच्यापुढे अनवाणी उभी राहिले, ती माझी चूक होती. माझ्या पायांना दुखतं, तुमच्या नाही. माझं बघून मार्तानं पाय गमावला. हे त्यांनी मला नंतर मराठीत जसंच्या तसं सांगितलं. वर्गातले अर्धे चेहरे जुने होते. बाईंना वाटलं असेल, आता तरी धडा पोचेल. झालं असं, की सगळे जण उठून त्यांच्याभोवती गोळा झाले. कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवला, देवाची मर्जी म्हणाले. बोलिव्हियन काका डोळे पुसत होते. आणि एका म्हातारीनं अगदी काळजीनं विचारलं, सेन्योरा, पण आता तुम्ही बूट घातलेत, तर तुमची देवी रागावणार नाही ना? परत येताना बाईंनी हे सांगितलं आणि त्या हसायला लागल्या. हसणं संपेना तशी मी गाडी बाजूला घेतली. ते हसणं नव्हतं हे मला फार उशिरा कळलं.

नाताळनंतर वर्गाला पुढची मंजुरी आली नाही. त्याऐवजी चित्रांची एक पुस्तिका निघाली, त्यात पुन्हा मुठीएवढा बटाटा होता. फेब्रुवारीत हंचाटे साहेब निवृत्त झाले आणि त्यांनी पुण्याला परतायचं ठरवलं. सामानाची खोकी भरून झाली, मंडळानं निरोपाचं जेवण केलं, कोणीतरी बाईंच्या मोदकांवर भाषण ठोकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मला मार्ताकडे न्यायला सांगितलं.

मार्ताला आता तळमजल्यावर एकटीची खोली मिळाली होती. ती चाकांच्या खुर्चीत खिडकीपाशी बसली होती. बारीक झाली होती, पण हसणं तेच. आम्ही आत गेल्या-गेल्या ती बाईंशी बोलू लागली आणि बोलता बोलता तिनं उरलेल्या पायावर हात ठेवला.  मी दारात उभा होतो. मी विचारलं, "काय म्हणतेय?"

बाई म्हणाल्या, "विल्मरचा फोन लागत नाहीये. सहा आठवडे झाले." मग खांद्यावरची पिशवी उतरवत म्हणाल्या, "म्हणतेय, अजून एक पाय आहे."

बाईंनी तिला काही समजावलं नाही. पिशवीतून त्यांनी एक छोटी प्लास्टिकची पट्टी काढली, तिच्या टोकाला नायलॉनचा राठ दोरा होता. हा दोरा शिवॉननं त्यांना निरोपाची भेट म्हणून दिला होता. पाय किती जागा आहे ते पाहायचा हा साधा उपाय. माणसानं डोळे मिटायचे, आपण तळव्यावर इथे-तिथे दोरा टेकवायचा, आणि कळलं की त्यानं हो म्हणायचं. बाई बुटांसकट जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. मार्तानं डोळे मिटले. बाईंनी अंगठ्याला दोरा टेकवला.  करंगळीखाली टेकवला. टाचेला टेकवला. दोरा वाकत होता, मला दारातून दिसत होता. मार्ता काहीच म्हणाली नाही. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सगळीकडे टेकवून पाहिलं. मग त्यांचा हात खाली आला आणि दोरा मांडीवर पडून राहिला. त्यांचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता.

मार्ताला काही ऐकू आलं असेल, किंवा बाई फार वेळ गप्प आहेत एवढंच तिला कळलं असेल. डोळे घट्ट मिटलेले ठेवून, हसऱ्या चेहऱ्यानं, शहाण्या विद्यार्थिनीसारखी ती म्हणाली, "सी." हो. बाईंनी वर पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. मार्ता क्षणभर थांबली आणि पुन्हा म्हणाली, "सी, सेन्योरा. सी."